पडद्यावरचे रेणू, परीक्षानळीतले रसायन

म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातली प्रादेशिक शिक्षण संस्था १९६३ साली सुरू झाली. एनसीईआरटीच्या अशा पहिल्या चार संस्थांमधूनच विज्ञान आणि अध्यापन एकत्र शिकवणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम देशात रुजला. संस्थेला जोडूनच तिची स्वतःची शाळा आहे. भावी शिक्षक तिथे वर्गापुढे उभे राहायला शिकतात. राज्यांच्या वाटणीत महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या संस्थेकडे जातात, दक्षिणेची राज्ये म्हैसूरकडे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळा कर्नाटकाचा अभ्यासक्रम शिकवतात, म्हणून त्या म्हैसूरच्या कक्षेत येतात. रसायनशास्त्रातल्या संकल्पना संगणकावरच्या सिम्युलेशनने शिकवाव्यात का, आणि शिकवल्या तर प्रयोगशाळेचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे म्हैसूरइतकाच सीमाभागातल्या मराठी वर्गाचाही आहे. या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत बरेच संशोधन झाले, धोरणे आली, पैसाही खर्च झाला. ही चर्चा आज कुठे येऊन थांबली आहे, ते इथे क्रमाने पाहू.

अडचण मुळात कुठे आहे

दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांतही, पहिली कृती आहे मॅग्नेशियमची फीत जाळण्याची. शिक्षक फीत काचकागदाने घासतात, चिमट्यात धरून ज्योतीवर नेतात. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो आणि खाली पांढरी भुकटी उरते. वर्ग खूश होतो. लगेच फळ्यावर समीकरण येते आणि सांगितले जाते की मॅग्नेशियमच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, ऑक्सिजनच्या अणूने ते घेतले. पाच मिनिटांत मूल तीन वेगळ्या पातळ्यांवरून फिरून आलेले असते : डोळ्यांना दिसलेले, कधीच न दिसणारे आणि चिन्हांत लिहिलेले.

ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९८० च्या दशकापासून हीच मांडणी केली. रसायनशास्त्र दृश्य, कण आणि चिन्ह अशा तीन पातळ्यांवर चालते. जाणकार या पातळ्यांवरून सहज ये-जा करतो; नवख्या विद्यार्थ्याला एका वेळी तिन्ही सांभाळताना दम लागतो. १९८६ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी दाखवले की तांब्याची तार वाकते म्हणून तांब्याचा एकेक अणूही वाकत असेल, असे बरेच विद्यार्थी धरून चालतात. १९८७ साली अमेरिकेत न्यूरेनबर्न आणि पिकरिंग यांना आढळले की वायुनियमांची गणिते बिनचूक सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच वायूचे कण चित्रात कसे दिसतील हे ओळखता येत नाही. समीकरण जमले म्हणजे संकल्पना कळली, हा समज तिथे डळमळला.

अडचण मधल्या, न दिसणाऱ्या पातळीवर आहे यावर आज फारसा वाद नाही. ती पातळी कशी दाखवायची, इथून मतभेद सुरू होतात.

क्रोकेच्या चेंडूंपासून सिम्युलेशनपर्यंत

न दिसणारे दाखवण्याची धडपड संगणकाच्या फार आधीची आहे. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी क्रोके खेळाचे रंगीत चेंडू काड्यांनी जोडून रेणू उभे केले : कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल. हे रंग आजही टिकून आहेत. पण हॉफमन यांचा मिथेन सपाट होता. त्याचा चतुष्फलकी आकार १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांच्या मांडणीतून पुढे आला. म्हणजे पहिल्या गाजलेल्या रेणू-प्रारूपाने एक गोष्ट स्पष्ट केली आणि त्याच वेळी दुसरी चुकीची दाखवली. आजच्या वादाचे बीज तिथेच सापडते.

कण गणिताने हलवून पाहण्याचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले. त्यात एक भारतीय नाव महत्त्वाचे आहे. हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर घडवून दाखवली. शाळेतल्या पडद्यावर आज जे कण थरथरतात आणि तापमान वाढवले की सुटे होतात, त्यांचे कुळ याच कामाशी जाऊन मिळते.

शाळेसाठी या तंत्राला सोपे रूप मिळाले ते बरेच उशिरा. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात फेट हा प्रकल्प सुरू केला. तो सुरुवातीला भौतिकशास्त्रापुरता होता. पुढे रसायनशास्त्राची सिम्युलेशन आली आणि मराठी, कन्नडसह अनेक भाषांत त्यांची रूपांतरे झाली.

भारतात शाळेत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९८४-८५ चा क्लास प्रकल्प. बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत पोहोचले, पण संगणकाची ओळख करून देण्यापलीकडे विषयशिक्षणात त्यांचा फारसा शिरकाव झाला नाही. त्याच काळात देशात वेगळा प्रवाह जोरात होता. १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हाताने प्रयोग करणे हाच विज्ञानाचा पाया मानला. राज्य सरकारने २००२ मध्ये तो बंद केला, तरी त्याची छाप राहिली. पुण्यात आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी त्याच वृत्तीची.

२००९ नंतर केंद्राच्या राष्ट्रीय अभियानातून महाविद्यालयांसाठी आभासी प्रयोगशाळा आल्या. नववी ते बारावीसाठी अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅकने ओलॅब्स उभे केले; त्यात इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, मल्याळम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आभासी प्रयोगशाळांचा स्वतंत्र उल्लेख आला आणि २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान व गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. मधल्या टाळेबंदीत तर शाळाच बंद होत्या. पडद्यावरचा प्रयोग तेव्हा कित्येकांसाठी एकमेव प्रयोग होता.

एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू

वादात गोंधळ होतो त्याचे एक कारण असे की सिम्युलेशन या एकाच नावाने निदान तीन वस्तू ओळखल्या जातात.

पहिली वस्तू म्हणजे ॲनिमेशन. ते पाहायचे असते. त्यात विद्यार्थ्याला काही बदलता येत नाही. काटेकोर अर्थाने हे सिम्युलेशनच नव्हे, तरी शाळेत त्याच नावाने तेच सर्वांत जास्त दाखवले जाते.

दुसरी वस्तू म्हणजे संकल्पनेचे प्रारूप. फेटमधले समीकरण संतुलित करण्याचे सिम्युलेशन घ्या. अमोनिया तयार करायचा आहे. नायट्रोजन आणि हायड्रोजनच्या रेणूंची संख्या विद्यार्थी वरखाली करतो. प्रत्येक बदलासरशी दोन्ही बाजूंचे रेणू चित्रात वाढतात-घटतात आणि तराजूची पारडी झुकतात. आकडा, कण आणि तोल एकाच वेळी हलतात. जॉनस्टन यांच्या तीन पातळ्यांपैकी दोन इथे शेजारी बसवलेल्या आहेत. अभिक्रियाकारके उरतात कशी, हे शिकवणारे दुसरे सिम्युलेशन सँडविचपासून सुरू होते : पावाच्या दोन चकत्या आणि एक चीज मिळून एक सँडविच, तर सहा चकत्या आणि दोन चीजमध्ये किती? आपल्या वर्गात शिक्षक सहज वडापाववर येतात. पाव संपले की उरलेल्या वड्यांचा वडापाव होत नाही, हे कुणाला समजावावे लागत नाही; हायड्रोजन संपल्यावर नायट्रोजन उरतो, हे त्यामागोमाग येते.

तिसरी वस्तू म्हणजे आभासी प्रयोगशाळा. ओलॅब्समधले अनुमापन असे चालते : आधी सिद्धांत, मग कृती, मग ॲनिमेशन, सिम्युलेटर, प्रत्यक्ष प्रयोगाची चित्रफीत आणि शेवटी तोंडी परीक्षेसारखे प्रश्न. सिम्युलेटरमध्ये पडद्यावरच्या ब्युरेटमधून द्रावण सोडायचे, शंकुपात्रातला रंग बदलला की थांबायचे, वाचन नोंदवून आकडेमोड करायची. अणू-रेणूंचा इथे फारसा संबंध येत नाही. प्रयोगाची कृती आणि क्रम यांचा सराव हा या वस्तूचा गाभा.

तिन्हींचे हेतू वेगळे आहेत. एकीच्या बाजूचा पुरावा दुसरीसाठी वापरला की चर्चा भरकटते, आणि तसे वारंवार होते.

चार भूमिका

पहिली भूमिका सिम्युलेशनच्या समर्थकांची. जे डोळ्यांना दिसत नाही ते प्रयोगशाळेतही दिसत नाही. परीक्षानळीत अवक्षेप दिसतो, आयन दिसत नाहीत. सिम्युलेशनमध्ये तापमान, दाब, संहती यांपैकी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहता येतो, शंभरदा करता येतो, चुकले तरी कुणी ओरडत नाही. शिवाय संहत सल्फ्युरिक आम्ल सांडत नाही, सोडियम पाण्यावर भडकत नाही, महागडे सिल्व्हर नायट्रेट संपत नाही, टाकाऊ द्रावणे कुठे ओतायची हा प्रश्न उरत नाही. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट आहे, तिथे हा युक्तिवाद जास्त वजनदार ठरतो.

दुसरी भूमिका प्रयोगशाळेच्या बाजूची. अमेरिकन केमिकल सोसायटीचे अधिकृत मत असे की सिम्युलेशन उपयोगी आहे, पण ते प्रत्यक्ष प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. ब्युरेटची तोटी किती हलक्या हाताने फिरवायची, अंत्यबिंदूचा फिका गुलाबी रंग नेमका कोणता, कीप उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सुटला की खिडकी का उघडायची, हे बोटांनी, डोळ्यांनी आणि नाकाने शिकायचे असते. शिवाय पडद्यावरचा प्रयोग नेहमी यशस्वी होतो. प्रत्यक्षात वाचने जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधताना विज्ञानाची पद्धत अंगी मुरते.

तिसरी भूमिका माध्यमाला महत्त्व न देणारी. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली मांडले की शिकणे अध्यापनपद्धतीमुळे होते, माध्यमामुळे नव्हे. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर देऊन माध्यमाच्या विशिष्ट क्षमतांची बाजू लढवली. रसायनशास्त्राच्या चर्चेत हा वाद अजून जागा आहे. चांगला शिक्षक खडूनेही कण उभे करतो आणि वाईट वर्गात सिम्युलेशन नुसते बटण दाबणे होऊन बसते, असे या बाजूचे म्हणणे.

चौथी भूमिका प्रयोगशाळेबद्दलच शंका घेते. २००४ साली स्टीफन हॉक्स यांनी रसायनशास्त्राच्याच एका नियतकालिकात असा मुद्दा मांडला की, जे विद्यार्थी पुढे रसायनशास्त्रज्ञ होणार नाहीत त्यांना प्रयोगशाळेचा लाभ होतो याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. त्यावर बरीच टीका झाली. याच चर्चेच्या कडेला एक मधला मार्गही आहे : थेंबा-थेंबांत, छोट्या खाचांच्या तबकात प्रयोग करणे. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेले असे सूक्ष्म-प्रमाणाचे संच युनेस्कोने पसरवले आणि एनसीईआरटीनेही स्वतःचा संच तयार केला. खर्च, धोका आणि कचरा कमी, पण पदार्थ खरा.

पुरावा काय सांगतो

कणांच्या प्रारूपांबाबत पुरावा बराचसा अनुकूल आहे. विल्यमसन आणि अब्राहम यांनी १९९५ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हलते कण दाखवले. स्थिर चित्रे पाहणाऱ्यांपेक्षा हे विद्यार्थी कणपातळीवरच्या आकलनात पुढे गेले. नेहमीच्या परीक्षेतल्या गुणांत मात्र तसा फरक पडला नाही. सँगर आणि ग्रीनबो यांनी विद्युतघटातल्या क्षारसेतूतून इलेक्ट्रॉन वाहतात या हट्टी गैरसमजावर काम केले. गैरसमजाला थेट हात घालणारे अध्यापन आणि ॲनिमेशन यांनी तो कमी होतो असे त्यांना दिसले.

आभासी आणि प्रत्यक्ष प्रयोगशाळेच्या तुलनेत चित्र गुंतागुंतीचे आहे. तुर्कस्तानात तातली आणि आयास यांनी नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात आभासी रसायनशाळा प्रत्यक्ष प्रयोगशाळेइतकी तरी परिणामकारक ठरली. भौतिकशास्त्रात तर २००५ साली सिम्युलेशनवर मंडले शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खरी मंडलेही अधिक चांगली जोडली. जेम्स ब्रिन्सन यांनी २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेकांत आभासी प्रयोगशाळा बरोबरीची किंवा सरस ठरली होती. पण मोजले काय, हे पाहिल्यावर त्यातल्या बहुतेक चाचण्या विषयज्ञानाच्या प्रश्नोत्तरांच्या निघाल्या. हाताचे कौशल्य आणि चौकसपणा फार थोड्यांनी तपासला होता.

डी योंग, लिन आणि झकारिया यांनी २०१३ साली काढलेला निष्कर्ष आज सर्वाधिक मान्य आहे : दोन्हींची बलस्थाने वेगळी असून विचारपूर्वक केलेली सांगड कोणत्याही एकाच पद्धतीपेक्षा चांगली. शिवाय मार्गदर्शनाशिवाय सोडून दिलेले सिम्युलेशन फारसे शिकवत नाही, यावरही बऱ्यापैकी एकमत आहे.

सावधगिरीचे पुरावेही आहेत. क्षणात सरकून जाणारे ॲनिमेशन स्थिर चित्रापेक्षा नेहमीच चांगले नसते, असे बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले; नजर कुठे ठेवायची हेच नवख्याला कळत नाही. पडदा नवे गैरसमजही पेरू शकतो. लाल चेंडू पाहून ऑक्सिजनचा अणू लाल समजणे, द्रवातले कण एकमेकांपासून दूर दूर समजणे, रेणूंमधल्या रिकाम्या जागेत हवा असते असे मानणे ही नेहमीची उदाहरणे. हॉफमन यांच्या सपाट मिथेनची ही नवी आवृत्ती.

म्हैसूर ते बेळगाव : वर्गातली परिस्थिती

संशोधनातला वर्ग आणि आपला वर्ग यांत अंतर आहे. शाळांची सरकारी आकडेवारी देणाऱ्या यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांत चालू संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. फेटची सिम्युलेशन उतरवून घेऊन इंटरनेटविना चालवता येतात ही जमेची बाजू. पण एक प्रोजेक्टर आणि साठ मुले असतील तर सिम्युलेशनचे पुन्हा ॲनिमेशन होते : शिक्षक फिरवतात, वर्ग पाहतो. आधी अंदाज लिहायला लावून मग सिम्युलेशन चालवण्याची युक्ती अशा वेळी सुचवली जाते. म्हैसूरच्या कक्षेतल्या केरळात २००१ पासून आयटी ॲट स्कूलच्या रूपाने शाळांत संगणक, मुक्त सॉफ्टवेअर आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र गेले. नुसती यंत्रे पुरवण्यापेक्षा हा वेगळा मार्ग होता.

भाषेचा पेच सीमाभागात ठळक आहे. दहावीपर्यंत मराठीत आम्ल-आम्लारी शिकलेले मूल पुढे पदवीपूर्व महाविद्यालयात विज्ञानासाठी जवळपास नेहमीच इंग्रजीत जाते. एकच सिम्युलेशन दोन्ही भाषांत चालवता येत असेल तर ते पूल ठरू शकेल, असे काही शिक्षकांना वाटते. उलट मत असे की रूपांतरातली परिभाषा पाठ्यपुस्तकाशी जुळली नाही तर ओझे वाढते. सीमाभागातल्या वर्गांपुरता हा मुद्दा तपासण्याजोगा आहे.

परीक्षेची रचना मात्र सर्वांना सारखीच बांधते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे. बारावीच्या रसायनशास्त्रात ७० आणि ३०. लेखी प्रश्नपत्रिकेत समीकरणे, व्याख्या आणि आकृत्या असतात. कणांचे चित्र काढा किंवा ओळखा, असा प्रश्न विरळा. प्रात्यक्षिकाच्या गुणांत जर्नल आणि तोंडी परीक्षा बराच वाटा खातात. म्हणजे सिम्युलेशन जे सर्वांत चांगले शिकवते त्याला गुण नाहीत, आणि प्रयोगशाळा जे फक्त तीच शिकवू शकते त्याला थोडेच आहेत. विल्यमसन आणि अब्राहम यांना परीक्षेच्या गुणांत फरक का दिसला नसावा आणि ब्रिन्सन यांना चाचण्या एकांगी का वाटल्या, याचा धागा इथेच जुळतो.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठा खुला प्रश्न मोजमापाचा. दोन्ही बाजू शिकण्याविषयी बोलतात, पण एकच गोष्ट मोजत नाहीत. कणपातळीचे आकलन, हाताचे कौशल्य आणि अनपेक्षित वाचनाला तोंड देण्याची तयारी या तिन्ही एकाच अभ्यासात तपासल्याशिवाय तुलना अपुरीच राहील.

दुसरा प्रश्न क्रमाचा : आधी सिम्युलेशन की आधी प्रयोग? आधी प्रारूप पाहिले तर प्रयोगात काय पाहायचे ते कळते, असे एक मत. आधी पदार्थाशी गाठ पडली तर प्रारूपाला अर्थ येतो, असे दुसरे. विषयागणिक उत्तर बदलत असावे. मॅग्नेशियमसाठी कदाचित प्रयोग आधी, समतोलासाठी कदाचित सिम्युलेशन.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा. बहुतेक अभ्यास एका घटकापुरते, काही आठवड्यांचे असतात. नववीत पडद्यावर पाहिलेले कण बारावीपर्यंत डोक्यात राहतात का, यावर हाती फार थोडे आहे.

चौथा प्रश्न धोरणाचा. आभासी प्रयोगशाळा पूरक म्हणून येते की प्रयोगशाळा नसल्याची भरपाई म्हणून, हे कागदावर स्पष्ट असले तरी शाळेच्या अंदाजपत्रकात पुसट होऊ शकते. समान संधी म्हणून दिलेली गोष्ट सुसज्ज शाळेत जोड ठरेल आणि गरीब शाळेत पर्याय, ही भीती प्रयोगशाळेच्या समर्थकांना वाटते. काहीच नसण्यापेक्षा पर्याय बरा, हे त्यावरचे उत्तरही तितकेच प्रामाणिक आहे.

या प्रश्नांची उत्तरे शोधायला नव्या यंत्रणेची गरज नाही. म्हैसूर किंवा भोपाळच्या संस्थेत दर वर्षी भावी शिक्षक शाळांत पाठ घेतात. तोच घटक एका तुकडीला प्रयोगातून, दुसरीला सिम्युलेशनमधून आणि तिसरीला दोन्हींतून शिकवून, एकाच प्रश्नसंचाने आणि एकाच हातकामाच्या चाचणीने तपासणे त्यांच्या आवाक्यातले काम आहे. परीक्षा मंडळांनी लेखी परीक्षेत कणचित्रांचा एखादा प्रश्न घातला आणि प्रात्यक्षिकात हातकामाला स्वतंत्र गुण दिले, तर वर्गातले शिक्षक काय निवडतात हेही दिसेल. तोवर या चर्चेतून ठामपणे म्हणता येते ते एवढेच : न दिसणारे दाखवायला सिम्युलेशन समर्थ आहे, दिसणारे हाताळायला प्रयोगशाळा लागते, आणि यातले किती मुलांपर्यंत पोहोचले हे आपली परीक्षा अजून विचारत नाही.